बिराजदार मॅडम आणि पोटात दुखणाऱ्या मुली

आमच्या कॉलेजात यंदा ‘वेलनेस सेंटर’ उघडलं. ज्या खोलीत पूर्वी व्हॉलीबॉलच्या जाळ्या, लेझीम आणि जुन्या सतरंज्या ठेवलेल्या असायच्या, ती रिकामी करून तिला पोपटी रंग दिला. भिंतीवर पद्मासनात बसलेल्या एका बाईचं चित्र काढून घेतलं, दोन बीन बॅगा आणून टाकल्या आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते फीत कापली. फोटो निघाले, पेपरात बातमी आली. त्या दिवसापासून खोलीला कुलूप आहे. किल्ली हेडक्लार्ककडे असते आणि बीन बॅगा खराब होतील म्हणून ती मुलींना द्यायची नाही, अशी तोंडी सूचना आहे.

मी रोज त्या दारावरून जाते आणि रोज माझं डोकं तापतं. कारण ती खोली बिराजदार मॅडमची होती, आणि त्यांना या कॉलेजातून ज्या गोष्टीसाठी घालवलं तीच गोष्ट आता दारावर इंग्रजीत लिहिली आहे.

आधी आमच्या कॉलेजाबद्दल सांगते. हे लातूरमधलं मुलींचं ज्युनिअर कॉलेज. मी इथे मराठी शिकवते, म्हणजे शिकवते असं टाइमटेबलात आहे. आमच्याकडच्या सगळ्या मुली डॉक्टर व्हायला आलेल्या असतात. मुखेड, देगलूर, उमरी, अहमदपूर, कुठून कुठून येतात. ज्यांना जमतं ते आईबाप पोरीसाठी इथे खोली करतात. आई घरदार, नवरा, शेत सगळं सोडून दोन वर्षं त्या एका खोलीत राहते, पोरीला गरम पोळी करून घालते आणि शेजारच्या खोलीतल्या आईबरोबर पोरींच्या मार्कांवर बोलते. पोरगी पहाटे क्लासला जाते, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, मग अभ्यासिका. रविवारी टेस्ट. या सगळ्यात मराठीचा तास म्हणजे डुलकी काढायची वेळ आणि पी.टी.चा तास म्हणजे फिजिक्सच्या सरांना मिळालेला जादा तास.

बिराजदार मॅडम आमच्या पी.टी.च्या शिक्षिका होत्या. माहेर उदगीरचं. वय पन्नाशीचं, बांधा ठेंगणा आणि भक्कम, अंगावर इस्त्रीची सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. तरुणपणी विद्यापीठाच्या कबड्डी संघात होत्या आणि चालताना अजूनही समोरचा माणूस आपल्याला धरायला आलाय असं समजून चालायच्या. शिक्षकांना त्या नावानं हाक मारत नसत. ज्याचा जो विषय तेच त्याचं नाव. “ओ फिजिक्स, जरा इकडं या.” “केमिस्ट्री आज उपाशी दिसायलंय.” मी मराठी. अनेक वर्षं एका स्टाफरूममध्ये बसूनही त्यांनी मला माझ्या नावानं एकदाही हाक मारली नाही.

राग त्यांच्या नाकावर असे. साधा राग असला तर मराठीतून यायचा. फारच झाला की त्या कानडीवर जायच्या आणि “साकु!” म्हणजे “बस, पुरे!” असं ओरडून टेबलावर हात आपटायच्या. प्राचार्यांना कानडीतला तो एकच शब्द येत होता आणि तो त्यांनी मॅडमकडूनच ऐकून शिकलेला होता.

त्यांची पहिली लढाई मी पाहिली ती ग्रेडवरून. वर्षाच्या शेवटी पी.टी.ची ग्रेड सगळ्या मुलींना सरसकट ‘अ’ द्यायची, ही आमच्याकडची रीत. मॅडमनी सही करायला नकार दिला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मी शेजारीच दुसऱ्या कामासाठी उभी होते.

“सर, ह्या पोरींना मी पळताना बघितलंच न्हाई. ‘अ’ कशाला देऊ?”

“मॅडम, फॉर्मॅलिटी आहे ती.”

“मग फिजिक्सला सांगा सही करायला. माझा तास वर्षभर त्यांनीच घेतलाय. पोरी पळतात का लंगडतात, त्यांनाच ठावं.”

प्राचार्य हसले. त्यांना वाटलं मॅडम गंमत करतायत. मॅडमनी सही केली नाही. शेवटी आठवड्यातून एक तास त्यांना परत मिळाला तेव्हा कुठे ते कागद पुढे सरकले. फिजिक्सचे सर पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते आणि मॅडमना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

मिळालेल्या त्या एका तासात त्यांनी काय करावं? पहिल्या दिवशी मुलींना मैदानावर नेलं. एक फेरी मारायला सांगितली तर निम्म्या मुली धापा टाकत खाली बसल्या. पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्या खोलीतल्या सतरंज्या काढून हॉलमध्ये अंथरल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि मुलींना म्हणाल्या, “झोपा.” मुलींना आधी खरंच वाटेना. मग एकेक आडवी झाली आणि दहा मिनिटांत सगळा हॉल घोरायला लागला. नेमके त्याच दिवशी संस्थेचे कुणी पाहुणे कॉलेज बघायला आले. प्राचार्यांनी कौतुकानं हॉलचं दार उघडलं आणि आत हे दृश्य.

“हे काय चाललंय, मॅडम?”

“हळू बोला. झोपल्यात.”

“ही पी.टी. आहे का?”

“सर, ह्या पोरींना चार तास बी झोप न्हाई. ह्यांना पळवू का मारू? आधी झोपू द्या. पळायचं मग बघू.”

पाहुणे भले होते, हसून पुढे गेले. प्राचार्यांनी मात्र ही गोष्ट मनात ठेवली.

मॅडमची तब्येत तपासायची एक पद्धत होती. व्हरांड्यात मुलगी दिसली की अभ्यास कसा चाललाय हे त्या कधी विचारत नसत. विचारायच्या, “जेवलीस का? झोपलीस का? सकाळी पोट साफ झालं का? आणि शेवटचं कोणासंगं भांडलीस?” मुली लाजायच्या, चौथ्या प्रश्नाला गोंधळायच्या. एकदा मी विचारलं, हे भांडणाचं काय काढलंय? तर म्हणाल्या, “ओ मराठी, भांडायला मैत्रीण लागती की! जिचं कोणासंगं भांडण न्हाई, तिला कोणी न्हाईच असं समजा. ती पोरगी आधी बघायची.” मला ते तेव्हा विनोदी वाटलं. नंतर मी माझ्या वर्गातल्या मुलींकडे पाहिलं तर खरोखरच कुणी कुणाशी भांडत नव्हतं. शेजारी बसलेली पोरगी ही त्यांच्या लेखी रँकमधली एक जागा होती.

आणि पोटात दुखणं. प्रत्येक शाळेत, प्रत्येक कॉलेजात पी.टी.च्या तासाला काही मुलींच्या पोटात दुखतं. सगळ्यांना त्याचा अर्थ माहीत असतो आणि सगळे मान खाली घालून ‘बरं, बस’ म्हणतात. मॅडमना हे सोंग खपत नसे. “पोट तर माझं बी दुखतं, शेंगा जास्त खाल्ल्या की. तुला पाळी आलीय. तसं म्हण. जोरात म्हण.” मैदानाच्या कडेनं शिपाई चालला असला तरी त्या आवाज कमी करायच्या नाहीत. हळूहळू मुली म्हणायला लागल्या. जिला खरंच त्रास होई तिला त्या गूळ-शेंगदाणे द्यायच्या आणि सतरंजी अंथरून झोपवायच्या.

मग आमच्या संस्थेला आरोग्याचा उमाळा आला. कुठल्यातरी कॉलेजात एका मुलीनं जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं, वरून पत्र आलं होतं, म्हणून ‘सर्वांगीण आरोग्य सप्ताह’ साजरा करायचं ठरलं. पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावले. छान माणूस, छान कुर्ता. पडद्यावर त्यांनी एक रंगीत चक्र दाखवलं. आरोग्य म्हणजे नुसतं शरीर नव्हे. आरोग्याला आठ अंगं असतात : शारीरिक, मानसिक, भावनिक, सामाजिक, बौद्धिक, आध्यात्मिक, आर्थिक आणि पर्यावरणाचं. या सगळ्यांचा समतोल साधला की माणूस निरामय होतो. मुलींनी चक्र वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत येईल या हिशोबानं काहींनी रंगवलंसुद्धा.

प्रश्नोत्तरात मॅडम उभ्या राहिल्या.

“सर, चक्र चांगलं हाय. खोटं न्हाई त्यात काही. पण ह्या पोरींनी हे आठ अंगांचं कधी करायचं? रविवारी टेस्ट हाय.”

तज्ज्ञ म्हणाले, “दिवसातून फक्त दहा मिनिटं स्वतःसाठी काढा.”

“कुठून काढू? तुमी सांगा. त्यांना संडासला जायला दहा मिनिटं मिळत न्हाईत. आमच्या प्राचार्यांना विचारा, ह्या आरोग्याच्या आठवड्यात रविवारची टेस्ट रद्द करतील का?”

सगळ्या मुलींच्या माना प्राचार्यांकडे वळल्या. प्राचार्य उठले, पाहुण्यांना शाल घातली आणि आभार मानले. टेस्ट झाली. आणि त्याच टेस्टला अश्विनी पडली.

अश्विनी मुखेडची. उंच, सडपातळ, तालुक्याला खो-खो खेळलेली. मॅडमची लाडकी. तिची आई मंगलबाई लातुरात खोली करून राहत होती. वडिलांची मुखेडला शेती बरी, शिवाय बाजारात बियाणांचं दुकान. अश्विनी हुशार होती. आमच्या कॉलेजाच्या पुढच्या वर्षीच्या फ्लेक्सवर तिचा फोटो असणार, असं प्राचार्य उघड म्हणायचे. मॅडम तिचं उदाहरण दुसऱ्या मुलींना द्यायच्या, “ही बघा. हिचं कधी पोट दुखत न्हाई. लहानपणापासून खेळलेली हाय.” हे वाक्य पुढे मॅडमना फार लागलं. मी त्यांना ते स्वतःशी पुटपुटताना ऐकलंय.

त्या रविवारी पेपर देऊन अश्विनी उठली आणि बाकाजवळच कोसळली. मॅडमनी तिला उचललं. मी रिक्षा बोलावली आणि आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी तपासलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. कितीतरी दिवसांपासून रक्त जात होतं आणि अश्विनीनं कुणाला सांगितलं नव्हतं. अंगात रक्तच राहिलं नव्हतं. लगेच रक्त चढवायला घेतलं.

“काही गोळ्या घेतेस का?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

अश्विनीनं आईकडे पाहिलं. मंगलबाई तेवढ्यात धावत-पळत पोचल्या होत्या, हातात पिशवी, पिशवीत लेकीचा डबा. त्यांनी डब्याखालून एक पाकीट काढून दाखवलं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या.

“ह्याच की. टेस्टच्या आधी देते तिला. न्हाईतर दोन दिवस लोळत पडती, अभ्यास बुडतो.”

“प्रत्येक टेस्टला?”

“टेस्ट मोठी असली की.”

“कुणी लिहून दिल्या?”

मंगलबाईंना हा प्रश्नच कळला नाही. “लिहून कशाला द्यायच्या? मेडिकलवर मिळतात की. आमी बी तर घेतोच, महालक्ष्म्यांला. दरसाल.”

हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. भाद्रपदात आमच्याकडे घरोघर महालक्ष्म्या बसतात. तीन दिवस सोवळं, पुरणावरणाचा स्वयंपाक, तळलेल्या पदार्थांचा फुलोरा, सवाष्णी, गावजेवण. त्या तीन दिवसांत घरची सून ‘बाहेर’ बसली तर सगळंच अडतं आणि वर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. म्हणून त्याच्या आधीच्या आठवड्यात बायका मेडिकलवर जातात. काही बोलावं लागत नाही. दुकानदार कागदात गुंडाळून पाकीट देतो. डॉक्टरांच्या, मास्तरांच्या, वकिलांच्या बायकाही घेतात. देवीला चालतं ते परीक्षेला का चालू नये, असं मंगलबाईंना वाटलं. यात त्यांचा एकटीचा काय दोष काढायचा? लेकीचं भलं व्हावं म्हणून, कुणी न सांगता, स्वतःच्या हातानं त्या पाण्याचा पेला आणि गोळी देत होत्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एखाद्या वेळी डॉक्टरला विचारून घेणं वेगळं. असं मनानं पुन्हा पुन्हा घेणं, मध्येच सोडणं, पुन्हा घेणं, याचा शरीराला पत्ता कसा लागायचा? हिला आता काही महिने उपचार आणि विश्रांती लागेल. पहाटेचे क्लास, जागरणं, सगळं बंद.

मी मॅडमकडे पाहत होते. आता स्फोट होणार असं मला वाटलं. त्या अश्विनीजवळ गेल्या आणि विचारलं, “हार्मोनचा धडा झाला का गं तुमचा?”

“झाला, मॅडम.”

“मार्क?”

“पूर्ण.”

मॅडम बाहेर येऊन बाकावर बसल्या. मंगलबाई त्यांच्या पायाशी फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या. “मॅडम, माझं चुकलं का हो?” मॅडमनी त्यांना हाताला धरून वर घेतलं, शेजारी बसवलं आणि खालच्या आवाजात बोलल्या. इतक्या खालच्या आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

“मी बी घेतल्यात, मंगल. लग्न झाल्यापासून दरसाल. आमच्या लिंगायतांत तर विटाळ मानायचाच न्हाई, आमचा धर्मच तसं सांगतो. पण घरात धर्म सासूचा असतो. पुढं मला लई रक्त जाया लागलं. गोळ्यांनी झालं का आणखी कशानं, मला कोणी सांगितलं न्हाई आणि मी इचारलं न्हाई. डॉक्टर म्हणले पिशवी काढा. काढली. माझं वय काय व्हतं तवा? दवाखान्यातून घरी आले तर सासू म्हणती, बरं झालं, आता महालक्ष्म्यांची फिकीर मिटली.”

मंगलबाई रडायच्या थांबल्या. मला वाटतं त्या दिवशी मला बिराजदार मॅडमचा राग पहिल्यांदा कळला. तोपर्यंत मला तो स्वभाव वाटत होता.

दुसऱ्या दिवशी अश्विनीचे वडील आले. सफेद कपडे, हातात मोबाईल, माणूस वाईट नाही. लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि मग मॅडमना म्हणाले, “चार महिन्यांचाच सवाल हाय, मॅडम. परीक्षा होऊ द्या. मग काय इलाज करायचा तो करू. आठ दिवसांनी खोलीवर नेतो.”

“पोरगी तोवर टिकायला पाहिजे की.”

“तसं कसं बोलता? लोकायच्या पोरी करून नाही राहिल्या का?”

“लोकायच्या पोरी काय करून राहिल्या ते तुमाला ठावं न्हाई. तुमच्या पोरीचं बी कालपर्यंत ठावं नव्हतं.”

वडील प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी त्यांना धीर दिला, कॉलेज सगळी मदत करेल, अश्विनीला घरूनच टेस्ट देता येतील, फक्त हा विषय बाहेर जायला नको, मुलीची बदनामी होते. बदनामी! पोरगी मरणाच्या दारातून परत आली आणि यांना बदनामीची काळजी. अश्विनी घरी जाऊन बरी होणार की आठ दिवसांनी पुन्हा त्या बाकावर बसणार, एवढाच प्रश्न होता. आणि तिला सोडून बाकी सगळे त्यावर बोलत होते.

त्याच आठवड्यात पालक मेळावा होता. मांडव भरलेला. पुढे वडील, मागे आया, ही आमच्याकडची बसायची पद्धत. प्राचार्यांनी मॅडमना ‘संतुलित आहार’ या विषयावर पाच मिनिटं दिली होती. मॅडम माइकपुढे आल्या आणि म्हणाल्या, “पुढच्यांनी ऐकलं तरी चालंल, न्हाई ऐकलं तरी चालंल. मी मागं बसलेल्या बायकांसंगं बोलणार हाय. तुमच्यातल्या किती जणी पोरीला टेस्टच्या आधी पाळीची गोळी देतात?”

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ चप्पल शोधायला लागला.

“मान खाली घालू नका. मी बी घेतल्यात, महालक्ष्म्यांला. पण पोरीच्या अंगावर…”

माइक बंद झाला. प्राचार्यांनी क्लार्कला खूण केलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. पण मैदानावर आयुष्य काढलेल्या बाईला माइक कशाला लागतो? त्या तशाच बोलत राहिल्या आणि मांडवाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत आवाज गेला. त्यांनी सगळं सांगितलं. अश्विनीचं नाव घेतलं नाही. “डॉक्टरला इचारल्याबिगर एक बी गोळी द्यायची न्हाई. आणि रक्त जास्त गेलं तर पोरगी तुमाला सांगणार न्हाई, कारण तिला टेस्ट हाय. तुमी इचारा. रोज इचारा.”

“मॅडम, खाली बसा,” प्राचार्य म्हणाले.

“साकु!” मॅडम ओरडल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. मंगलबाई. दवाखान्यातून सरळ आल्या असाव्यात, साडी चुरगळलेली होती. पुढून नवरा मान वळवून खुणा करत होता, खाली बस, खाली बस.

“माझीच पोरगी हाय ती,” मंगलबाई म्हणाल्या. आवाज फुटत नव्हता, तरी ऐकू येत होतं. “मीच दिल्या गोळ्या. माझ्या हातानं दिल्या. आता मी तिला घरला घेऊन चालले. यंदा परीक्षा न्हाई द्यायची ती. कोणाला काय म्हणायचं ते म्हणा.”

नवरा उठून तिच्याकडे निघाला, पण वाटेत बायकाच बायका. एक आई उठून मॅडमकडे आली, मग दुसरी. गोळी बंद केल्यावर किती दिवसांत पाळी यावी, पोरीची तीन महिने आलीच नाही, कुठल्या डॉक्टरकडे जाऊ, असं पुरुषांसमोर मोठमोठ्यानं विचारायला लागल्या. प्राचार्यांनी मेळावा संपल्याचं जाहीर केलं, पण माइक बंदच होता.

अश्विनी दोन दिवसांनी मुखेडला गेली. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडमची बदली झाली. आमच्या संस्थेची एक शाळा इस्लापूरकडे आहे, तिथे. लातूरहून पार किनवटच्या टोकाला. कारण लिहिलं होतं, ‘प्रशासकीय’. निरोप समारंभ झाला नाही. फिजिक्सच्या सरांनी मात्र, कधी नव्हे ते, त्यांची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली.

त्यानंतर मी मॅडमना एकदाच पाहिलं, त्या भाद्रपदात. मंगलबाईंनी आम्हा दोघींना मुखेडला महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावलं होतं. मॅडमना सवाष्ण म्हणून. मी लातूरहून गेले, मॅडम नांदेडवरून एस.टी. बदलत आल्या. घर गजबजलेलं होतं. समोर उभ्या महालक्ष्म्या, दागिने घातलेल्या, फुलोरा टांगलेला. अश्विनी अंगानं भरली होती, गालांवर रंग आला होता, ताटं वाढत इकडून तिकडे पळत होती. तिच्या वडिलांनी आम्हाला नमस्कार केला आणि लगेच दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

मॅडमना महालक्ष्म्यांसमोरच्या पहिल्या पाटावर बसवलं. ताट वाढलं. त्यांनी विचारलं, “मंगल कुठाय?”

“आई बाहेर हाय,” अश्विनी हळूच म्हणाली. “यंदा गोळी घेतली न्हाई तिनं. मीच घेऊ दिली न्हाई.”

दारातून दिसत होतं. अंगणाच्या कडेला, गोठ्याच्या भिंतीशी पोत्यावर मंगलबाई एकट्या बसल्या होत्या. नवी साडी नेसलेल्या. समोर पत्रावळ, रिकामी. सगळ्यांची जेवणं झाल्यावर त्यांना वरून वाढायचं होतं. घरचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस, आणि ज्या बाईनं दरवर्षी हे सगळं उभं केलं ती पोत्यावर बसून आपल्याच घराकडे परक्यासारखी बघत होती.

मॅडमनी ताट उचललं.

“अहो, अहो!” अश्विनीची आजी स्वयंपाकघरातून धावली. “सवाष्णीनं भरल्या ताटावरून उठू न्हाई! देवीसमोर!”

मॅडमनी तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ताट घेऊन त्या अंगणात उतरल्या. पंगतीत बसलेल्या बायकांचे हात घासासकट थांबले. मंगलबाई घाबरून भिंतीला टेकल्या. “मॅडम, नका. शिवू नका, माय. सगळ्यांचं सोवळं मोडंल.”

“मोडू दे,” मॅडम म्हणाल्या आणि त्याच पोत्यावर, मंगलबाईंच्या मांडीला मांडी लावून बसल्या. आपल्या ताटातली पुरणपोळी अर्धी केली आणि अर्धी त्यांच्या पत्रावळीवर ठेवली. मग मैदानावर मारायच्या तशी हाक मारली, “अश्विनी! आंबील आण. दोघींना वाढ.”

आजी दाराच्या चौकटीत उभी होती. अश्विनीनं एकदा आजीकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे पाहिलं, आणि आंबिलीचं पातेलं उचलून ती बाहेर गेली.